कर्जाचे कागद जाळले, मग पुढे काय? सुपे १८७५ ते गिरणगाव १९७५

१/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे हे बाजारपेठेचे गाव. भोवतालच्या खेड्यांतील रयत एकत्र आली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. तिने पहिली मागणी केली ती वह्यांची आणि कर्जरोख्यांची. हाती आलेल्या कागदांची होळी झाली, धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी सावकारांच्या घरांनाही आग लागली. पाहता पाहता हे लोण पुणे जिल्ह्यातून अहमदनगरकडे पसरले आणि दोन महिन्यांत तीसहून अधिक गावे त्यात ओढली गेली. इतिहासात या उठावाला ‘दख्खनचे दंगे’ असे नाव मिळाले.

२/
हे दंगे अनेकांनी शालेय पुस्तकांत वाचलेले असतात. पुस्तकातला धडा बहुधा होळीपाशी संपतो. कागद जळाल्यावर कर्ज सुटले का, हा प्रश्न मागे राहतो. तुटपुंज्या मिळकतीचा माणूस कर्जातून बाहेर कसा पडतो आणि चार पैसे गाठीला कसे बांधतो, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने पुढची शंभर वर्षे शोधले. या थ्रेडमध्ये त्या शोधाचे टप्पे पाहू.

३/
प्रथम कर्ज झाले कसे, ते पाहू. इंग्रजी अमलात दख्खनेत रयतवारी पद्धत आली. सारा रोखीने आणि ठरलेल्या मुदतीत भरावा लागे; पाऊस मात्र मुदत पाळत नसे. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला अकस्मात भाव आला. कापूस लावलेल्या प्रत्येक एकरामागे १०० रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम रयतेच्या हाती पडू लागली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि पैशाचा ओघ आटला. त्याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी होऊन दर कित्येक ठिकाणी ५० ते १०० टक्क्यांनी चढले. मिळकत खाली, देणे वर आणि उसने देणारा हात आखडलेला, अशा तिहेरी कात्रीत कुणबी सापडला.

४/
आता कागदाची करामत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. वर्षानुवर्षे व्याज साचू नये, हा त्यामागचा हेतू होता. व्यवहारात उलटेच घडले. दर तीन वर्षांनी सावकार ऋणकोला बोलावून नवे खत लिहून घेई. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज नव्या खतात मुद्दल म्हणून मांडली जाई आणि तिच्यावर पुन्हा व्याज सुरू होई. ज्याला अक्षरओळख नाही, तो अंगठा उठवून मोकळा होई.

५/
याचा हिशेब उदाहरण म्हणून आपणच करून पाहू. १०० रुपये कर्ज, व्याज दरमहा दरशेकडा २ रुपये. तीन वर्षांनी ७२ रुपये व्याज होते. नवे खत १७२ रुपयांचे. सहा वर्षांनी २९५ रुपये. नऊ वर्षांनी ५०८. बाराव्या वर्षी ८७५! मधल्या काळात नवा पैसा एकदाही घेतलेला नाही. आपल्याकडे दामदुपटीचा जुना संकेत होता: थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येत नाही. परंतु दर तीन वर्षांनी व्याजाचेच मुद्दल होत असेल, तर दामदुपट लागणार कशाला? दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावलेले आढळले होते.

६/
सुप्याची गर्दी कागदांवरच का तुटून पडली, हे आता ध्यानात येईल. कोर्टात रयतेची तोंडी साक्ष टिकत नसे, खत टिकत असे. बहुसंख्य दावे प्रतिवादीच्या गैरहजेरीत, एकतर्फी निकाली निघत. हुकूमनामा झाला की जप्ती आणि वेळप्रसंगी तुरुंगही. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार या दंग्यांत तुलनेने फार थोडे घडले. रोष होता तो त्या लेखी पुराव्यावर. तरीही सरकारी बंदोबस्त कडक होता: ९५१ लोकांना अटक झाली.

७/
आयोगाचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्यातील एक निष्कर्ष आजही मुद्दाम सांगण्याजोगा आहे. ‘कुणबी लग्नकार्यात उधळपट्टी करतो, म्हणून कर्जात बुडतो’ हे मत तेव्हाच्या साहेबी कचेऱ्यांत सर्रास बोलले जाई. आयोगाने हिशेब तपासले आणि लग्नखर्चाला या बाबतीत वाजवीपेक्षा फार जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे नमूद केले. लग्नासाठी कर्ज होई, हे खरे. पण ते कर्जाचे मूळ क्वचितच असे. सारा, बियाणे, बैल आणि पोटापुरते धान्य यांसाठी वेळोवेळी घेतलेल्या लहान रकमा आणि त्यांच्यावर चढत गेलेले व्याज, हे खरे ओझे होते.

(आयोगाने साऱ्याच्या वाढीव आकारणीवर तितका कठोर ठपका ठेवला नाही, हेही लक्षात ठेवावे. सरकारने नेमलेला आयोग सरकारकडे बोट दाखवताना सावधच असतो.)

८/
पहिले उत्तर कायद्याचे आले: दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा, १८७९. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. न्यायाधीशाला खतामागे जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला: मुळात किती दिले, किती फेडले, किती व्याज वाजवी. गावोगाव दस्त नोंदवणारे निबंधक आणि तडजोड घडवून आणणारे अधिकारी नेमले. १८८० च्या दशकात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

९/
कायद्याने श्वास घ्यायला उसंत दिली, हे निर्विवाद. पण पळवाटाही लवकर निघाल्या. गहाणखत तपासले जाते म्हटल्यावर काही सावकार कर्ज देतानाच जमिनीचे खरेदीखत करून घेऊ लागले. कागदावर विक्री, प्रत्यक्षात कर्ज. फेडले तर जमीन परत मिळेल, हा भरवसा केवळ तोंडी. शिवाय पुढच्या मृगाला बियाणे कोठून आणायचे, हा प्रश्न कायद्याने सुटत नव्हता. जुने कर्ज कमी करता येते, पण नवी गरज भागवण्याचे दुसरे दार उघडे नसेल, तर माणूस फिरून त्याच उंबरठ्यावर जातो.

१०/
ते दुसरे दार उघडण्याचा एक प्रयत्न पुण्याजवळच झाला. १८८० च्या दशकाच्या प्रारंभी सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. रानड्यांचा तिला पाठिंबा होता. आधी जुन्या कर्जांचा तडजोडीने निकाल लावायचा आणि मग बँकेने माफक व्याजाने पैसा पुरवायचा, अशी तिची मांडणी होती. हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले. लंडनमधील भारतमंत्र्यांनी मात्र संमती दिली नाही. योजना कागदावर राहिली.

११/
दुसरा प्रयत्न कोणत्याही सरकारी संमतीची वाट न पाहता झाला. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. नावातच तिचे कार्य आहे. सभासदांनी थोडेथोडे पैसे जमवायचे आणि त्यातूनच ज्याला गरज असेल त्याला कर्ज द्यायचे. सहकाराचा कायदा तेव्हा अस्तित्वातही नव्हता. हिंदुस्थानातील सहकारी पतव्यवहाराच्या अगदी आरंभीच्या संस्थांत या मराठी गृहस्थाने काढलेल्या मंडळीचे नाव आदराने घेतले जाते.

१२/
यामागचा विचार जर्मनीत फ्रीडरिश राइफायझेन याने १८६० च्या दशकात खेड्यांत रुजवला होता. गरिबाजवळ तारण नसते. पण त्याचे शेजारी त्याला ओळखतात: तो कष्टाळू आहे का, शब्दाला जागतो का, पैसा कशासाठी नेतो आहे. ही ओळख म्हणजेच तारण. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांनी या पद्धतीचा अभ्यास करून अहवाल दिला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दहा माणसे एकत्र आली की संस्था काढता येई. खेड्यातील संस्थेत जबाबदारी अमर्याद असे. म्हणजे एकाने बुडवले तर बाकीच्यांनी भरायचे. म्हणूनच प्रत्येकाचे दुसऱ्याच्या कर्जावर लक्ष राही.

१३/
१९०५ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी शेतकऱ्यांची पतसंस्था निघाली. १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत या संस्थांना पैसा पुरवणारी मध्यवर्ती बँक उभी राहिली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ही तिचीच पुढची पिढी.

१४/
तर मग प्रश्न सुटला? नाही. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. गोरवाला समितीच्या त्या कामात धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के भरला. सावकारांचा सुमारे ७० टक्के. कायदा होऊन जवळजवळ अर्धशतक लोटले होते! कर्ज मिळे ते ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. भूमिहीन मजूर, कूळ, गावातील विधवा यांच्यासाठी हे दारही बहुतांशी बंदच होते.

१५/
आता गावाकडून शहराकडे वळू. कारण कर्जाची ही कथा रयतेच्या मुलांबरोबर मुंबईस गेली होती. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरून आलेली माणसे परळ, लालबाग, वरळी भागातील कापडगिरण्यांत लागली. येथे दुष्काळ नव्हता, सारा नव्हता, दरमहा पगार होता. तरीही कर्ज होतेच. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जात आढळली. व्याजाचा नेहमीचा दर होता महिन्याला रुपयामागे एक आणा. एक आणा ऐकायला किरकोळ वाटतो. वर्षाला तो ७५ टक्के होतो.

१६/
पगारदार माणूस कर्जात का? एक कारण पगाराच्या तारखेत दडलेले होते. पगार महिन्याचा, आणि तोही महिना उलटून दहा-पंधरा दिवसांनी हाती येई. नव्याने लागलेल्या कामगाराला पहिला पैसा दिसेपर्यंत दीड महिना जाई. तोवर खायचे काय? वाण्याकडे उधारी, खानावळीत उधारी, खोलीच्या भाड्यासाठी उसनवारी. म्हणजे पहिला पगार हाती येण्याआधीच तो संपलेला असे. हा माणूस व्यसनी किंवा उधळ्या असण्याची मुळीच गरज नव्हती. मिळकतीची तारीख आणि भुकेची तारीख जुळत नव्हती, एवढे पुरेसे होते. शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात बहुतेक औद्योगिक शहरांतील दोन-तृतीयांश तरी कामगार कर्जात असल्याचा अंदाज दिला. पुढे १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यात महिना संपल्यावर सातव्या आणि मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत पगार झालाच पाहिजे, असे बंधन पडले. आज आपण ‘सात तारखेचा पगार’ म्हणतो, त्यामागे हा कायदा आहे.

१७/
या साखळीची शेवटची कडी बहुधा एक बाई असे. बायकामुले गावी ठेवून आलेले गिरणी कामगार खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे बहुतेकदा चाळीतली एक खोली आणि तिथे राबणारी एक खानावळवाली. जेवण रोज, पैसे महिन्याने. ती वाण्याकडून धान्य उधार आणी, अडचण आली की दागिना गहाण ठेवी, सावकाराचे व्याज भरी. म्हणजे महिनाभर कामगारांना उधार देणारी तीच आणि त्या उधारीवरचे व्याज सोसणारीही तीच. १९७३ च्या गिरणी संपात पगार थांबले, तेव्हाही या बायका संपकऱ्यांना उधारीवर जेवू घालीत राहिल्या. संप मिटला, त्यांचे कर्ज उरले.

१८/
गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी नेमके हे हेरले. १९७५ साली त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि लहान व्यावसायिकांना कर्ज द्यावे, असे धोरण ठरले होते. पण खानावळवालीला बँकेच्या पायरीची सवय नव्हती आणि बँकेला तिच्या धंद्याची ओळख नव्हती. पहिल्या १४ जणींचा गट झाला. तारण नव्हतेच, एकमेकींची हमी हेच तारण. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाले. त्या पैशाने धान्य रोखीने आणता येऊ लागले, आणि रोखीचा भाव उधारीच्या भावाहून कमी असतो. व्याजात जाणारा पैसा घरात राहू लागला. बचत सुरू झाली ती येथून.

१९/
हा क्रम नीट पाहावा. या बायकांना कोणी आधी काटकसर शिकवली नाही. काटकसर त्या रोजच करीत होत्या. महागडे कर्ज आधी स्वस्त कर्जाने फेडले, मग हातात उरलेल्या पैशाची बचत झाली. वाडीवस्तीवर आणि चाळीत चालणारी भिशी याच समजुतीची घरगुती आवृत्ती आहे. दहा जणींनी महिन्याला ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. एकटीच्या हातून जी रक्कम महिन्याअखेरीस विरघळून जाते, तीच दहा जणींच्या धाकाने टिकते. (नोंद आणि विश्वास ढळला, तर हीच भिशी बुडतेही.)

२०/
आणि मर्यादाही नोंदवू. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. कित्येक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. कामगार गावी परतले, खानावळींची पंगत ओसरली. मिळकतच बंद झाली, तर कोणतीही पतपेढी, कोणतीही भिशी कुटुंबाला अनंत काळ तोलून धरू शकत नाही. बचतीचे कौतुक करताना मजुरीचा प्रश्न झाकला जाऊ नये, हा धडा गिरणगावाने फार मोठी किंमत देऊन शिकवला.

२१/
शंभर वर्षांच्या या प्रवासातून हाती काय लागते?
• सुप्याने दाखवले की, न वाचलेला कागद हेच गरिबाचे सर्वांत मोठे कर्ज असते.
• १८७९ च्या कायद्याने दाखवले की, हिशेब पहिल्यापासून मांडला की बोजा हलका होऊ शकतो. पण तेवढ्याने भागत नाही.
• सहकाराने दाखवले की, ओळख हे तारण होऊ शकते. मात्र सर्वांत दुबळ्याला दारात घेतले तरच.
• अन्नपूर्णाने दाखवले की, महागडे कर्ज आधी फेडणे हीच पहिली बचत.

२२/
आज खताच्या जागी मोबाइलच्या पडद्यावरचा ‘मान्य’ हा शब्द आला आहे आणि अंगठा आजही तिथेच उठतो. एका ॲपचे कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या ॲपचे कर्ज घेणे, हे दर तीन वर्षांनी होणारे नवे खतच होय. फरक एवढाच की आता ते तीन आठवड्यांतही होते. म्हणून पाचव्या भागातील आकडेमोड एकदा कागदावर स्वतः करून पाहा. दर ‘महिन्याला किती’ असा सांगितला असेल, तर त्याला बाराने गुणा.

२३/
मित्रहो, एक विनंती. आपल्या घरात आजी-आजोबांच्या ट्रंकेत एखादे जुने गहाणखत, सोसायटीचे पासबुक, भिशीची वही किंवा खानावळीचा हिशेब असेल, तर तो रद्दीत घालू नका. राजांच्या सनदा जपायला संस्था आहेत. मुद्दल किती, व्याज किती आणि शेवटी फिटले केव्हा, हे सांगणारा सामान्य घराचा कागद जपणारे मात्र आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.